खिडकीच्या काचेवर माझं पोट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (अगदी पोट जमिनीला टेकवून. तशी परवानगी डॉक्टरांनी कालच दिली.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला का? आम्ही मजेत. मी तर इतका मजेत, की आज एका गिऱ्हाइकाच्या पँटला तिन्ही खिसे एकाच बाजूला लावले आणि तरी शीळ घालतोय.

झालं असं, की महिन्यापूर्वी स्वतःसाठी जाकीट बेतताना माझी डावी कूस उजवीपेक्षा अर्धा इंच जास्त भरली. मी मापपट्टीला शिव्या दिल्या, नवी पट्टी आणली, तिलाही दिल्या. शेवटी बायकोने बोटाने चाचपलं आणि तिचा चेहराच उतरला. बरगडीखाली मऊ गाठ होती. (चाळीस वर्षं लोकांच्या अंगातले दोष मी कापडाखाली झाकले, आणि माझा दोष घरातच पकडला गेला.) मग सोनोग्राफी. लिटरभर पाणी प्यायचं, दाबून धरायचं आणि आपला नंबर येईपर्यंत कोणी हसवलं तरी हसायचं नाही. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार जेली ओतून इस्त्री फिरवावी तसं यंत्र फिरवलं आणि म्हणाल्या, साधीच वाटतेय, पण थोडी खोल गेलीय, एकदा एमआरआय करून खात्री करू. बायकोने त्यातलं ‘साधीच’ ऐकलं नाही, ‘खोल’ तेवढं ऐकलं.

एमआरआयच्या खोलीत लोखंड चालत नाही. आता शिंप्याच्या अंगावरून लोखंड काढायचं म्हणजे काय, तुला कल्पना आहे. कॉलरमधून सात टाचण्या निघाल्या, बाहीतून दोन सुया, खिशातून बोटात घालायचं अंगुस्तान. तंत्रज्ञ दर वेळी विचारायचा, “झालं का काका?” आणि मी म्हणायचो, “थांबा, अजून एक आहे.” मग त्याने गाठीच्या बरोबर वर एक पिवळी, पारदर्शक गोळी चिकटपट्टीने लावली. मी विचारलं, पाण्याबरोबर घ्यायची का? तो म्हणाला, फक्त हलू नका. आत ढोल बडवल्यासारखा आवाज, आणि मधूनच एक बाई सांगणार, श्वास घ्या, धरा, सोडा. एकदा ती ‘सोडा’ म्हणायला विसरली की मला ऐकू आलं नाही, देव जाणे. मी मात्र धरून बसलो. (आज्ञाधारक म्हणून शाळेतही मी मार खाल्लाय.) बाहेर काढलं तेव्हा माझा रंग जांभळ्या अस्तराचा झाला होता.

फिल्म लगेच मिळाल्या, रिपोर्ट चार दिवसांनी. इथेच घात झाला. बायकोच्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे साडू, यांचा जन्म फोटो स्टुडिओत निगेटिव्ह धुण्यात गेला, त्यामुळे जगातली कुठलीही फिल्म आपल्याला वाचता येते असा त्यांचा समज. त्यांनी माझं पोट खिडकीच्या काचेला चिकटवलं, चष्मा वर केला आणि एका जागी बोट ठेवलं. घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरंशुभ्र चमकत होतं. “हे असं चमकणं बरं नव्हे,” साडू म्हणाले आणि टोपी काढून खाली बसले. बायको रडायला लागली. ताई, खरं सांगतो, त्या दिवशी मला मरणाची भीती वाटली, आणि तिला एकटीला टाकून जाण्याची त्याहून जास्त. मी सगळ्यांना माफ केलं. मोठी कात्री साडूंना देऊन टाकली. (अजून परत आलेली नाही.)

काल डॉक्टरीणबाईंनी तो दाणा बघितला आणि तोंडाला रुमाल लावला. म्हणाल्या, हे पोटाच्या आत नाहीच, बाहेर आहे. गाठ कुठे आहे ते फिल्मवर कळावं म्हणून चिकटवलेली माशाच्या तेलाची गोळी आहे ती! खरी गाठ तिच्या खाली, लिंबाएवढी, निव्वळ चरबीची, निरुपद्रवी. दुखली नाही तर आयुष्यभर तशीच राहू द्या. बायको तिथेच हसायला लागली, ती रस्ताभर हसत होती, आणि घरी येऊन पोटभर रडली.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – खरं काम राहिलंच. दाजींच्या नावाने खाकी पाकीट येईल, ते न फोडता जाळून टाक. साडूंनी दाणा दाखवला त्या दुपारी मी दाजींना पत्रात गाठीसकट सगळं लिहून मन मोकळं करून बसलो. तुझ्या लग्नात मी दाजींचा कोट शिवला, त्याची डावी बाही दीड इंच आखूड झाली होती, आणि मी भर मांडवात सांगितलं होतं की दाजी, तुमचा डावा हातच लांब आहे. बत्तीस वर्षं तो माणूस प्रत्येक फोटोत डावा हात खिशात घालून उभा आहे. त्यांचे हात सारखेच आहेत, ताई. चूक माझी होती.

ता. क. २ – बायको म्हणते, जाळू नको, कळू दे त्यांना. तिचं ऐकू नकोस.

ता. क. ३ – आत्ताच कुरियरवाल्याकडे चौकशी केली. पाकीट परवाच पोचलंय, सही दाजींची. मघाशी त्यांचा फोन आला होता. खोकलासुद्धा नाही. फक्त विचारलं, “गाठ नक्की साधीच आहे ना? जिवाला काही धोका नाही ना?” मी म्हटलं, अजिबात नाही. म्हणाले, “मग उद्या येतो.” किती ही माया, म्हणून माझे डोळे भरून आले होते. ताई, खरं सांग, ते कशाला येताहेत?