चुन्याची रेघ

८ नोव्हेंबर १९३६
आले बाई एकदाची सासरी! कॅनडातल्या या सस्कॅचेवानच्या माळावर चार तास घोडागाडीत हाडं खिळखिळी झाली, पण हे पांढरंशुभ्र घर पाहून शीण गेला. सासूबाई परास्का, मी त्यांना मामो म्हणते, स्वागताला भाकरी-मीठ घेऊन दारात उभ्या होत्या. थोरले दीर ओस्ताप यांनी माझी ट्रंक उचलली आणि विचारलं, यात कपडे आहेत की बापाचा नांगर उचलून आणलास? यारेमा, माझा नवरा, पोट धरून हसला.

एक गंमत आहे. स्वयंपाकघराच्या मधोमध, जमिनीच्या फळ्यांवर चुन्याची जाड रेघ.

१५ नोव्हेंबर
रेघेचं कोडं सुटलं. आजेसासरे ह्नात आणि त्यांचा भाऊ जुन्या देशातून, गालिसियाहून आले, तेव्हा दोघांना शेजारशेजारी जमिनी मिळाल्या. सरकारची अट अशी की ज्यानं त्यानं आपल्याच जमिनीत राहायचं. दोन घरांना लाकूड कुठलं? मग ऐन हद्दीवर एकच घर बांधलं. अजूनही ओस्ताप उत्तरेला, आम्ही दक्षिणेला. मामो दर शनिवारी रेघ ओढतात. मी म्हटलं, आता कोण तपासायला येतंय? त्या म्हणाल्या, तोंड आवर आणि बीटचं बोर्श्ट ढवळ.

२९ एप्रिल १९३७
रविवारी ईस्टर. मला सहावा महिना, तरी अंगात नुसता उत्साह! मामो चर्चला गेल्या तेवढ्यात सगळी जमीन राखेच्या पाण्यानं घासली. रेघसुद्धा खरवडून काढली. म्हटलं, सणाला ताजी ओढू.

मामो परतल्या आणि उंबऱ्यातूनच चुन्याची बादली मागितली. मग सगळं सांगितलं. ह्नातनं भावाला इथंच कुऱ्हाडीनं तोडलं. पुढं ह्नातच्या दोन मुलांत वाटणी झाली, आणि धाकट्यानं थोरल्याचा गळा विळ्यानं चिरला. तो थोरला म्हणजे माझा सासरा. तेव्हापासून बावीस वर्षं ही रेघ, आणि रेघ आहे तोवर घरात रक्त सांडलं नाही.

आम्ही दोघींनी पुन्हा चुना ओढला. फळ्यांवर धरेना. घामासारखा ओघळून गेला.

१ मे
यारेमानं जेवणाचं टेबल करवतीनं मधोमध कापलं. आमची गाय उत्तरेला चरली म्हणून ओस्तापनी घणानं तिचं डोकं फोडलं. कालपर्यंत एका ताटात जेवणारे भाऊ! चूक माझी. माझ्याच हातांनी केली.

२ मे, सकाळ
ईस्टरची गोड भाकरी कापायची होती. मोठा तुकडा कुणाचा, एवढंच निमित्त. ओस्तापनी यारेमाच्या तळहातातून सुरी आरपार घातली. मामो मध्ये पडल्या. ओस्तापनी उगारलेला घण त्यांना लागला. कवटीचा आवाज —
यारेमानं कुऱ्हाड घेतली. ओस्ताप पडल्यावरही थांबला नाही. मी त्याचा हात धरला, त्यानं मला भिंतीवर भिरकावलं. घोटा मोडलाय. उभं राहता येत नाही.

दुपार
यारेमा चुलीपाशी बसलाय. उत्तरेच्या रिकाम्या बाजूशी बोलतोय. नम्रपणे, दादा दादा करत. तिकडून उत्तर येतंय. मलाही ऐकू येतंय.
ते म्हणतात, हिचा पलंग हद्दीवर होता. मूल दोघांचं.

नंतर
जमीन मोजायची दोरी आणली. एक टोक यारेमाच्या हातात. दुसरं — कुणीतरी ताणून धरलंय —
मी दक्षिणेला सरकते. दोरीही सरकते.
यारेमा प्रेमानं सांगतोय, तेक्ला, हलू नकोस गं, फक्त मध्य शोधायचाय. दोरी बेंबीवर आली. तो कुऱ्हाड पुसतोय. बाळ आत लाथ मारतंय, उत्तरेकडे, दक्षिणे—