जिन्यावर काय झालं, हे कोणी कोणाला सांगावं

मी, फ्रेमवाली काकू म्हणून ओळखली जाणारी, तसबिरींच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत करीत आहे. "कोणत्याही भीतीशिवाय" असं लिहायची पद्धत आहे, असं वकील म्हणाले. ते मी लिहिणार नाही. भीती आहे. पण डोकं ठिकाणावर आहे, आणि डॉक्टरांनी तसं लेखी दिलं आहे.

१. दुकान, वरचं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला मिळावी. काच कापायचा हिरा तिने कोणाला उसना देऊ नये. लोक परत करतात, पण बोथट करून.

२. माझ्या धाकट्या दिराला काहीही मिळू नये. यजमान गेल्यापासून तो घर विकायच्या मागे होता आणि मी दाद देत नव्हते. एका सकाळी काच घेऊन जिना उतरताना माझ्या पाठीत हात बसला. घरात आम्ही दोघंच होतो. दोन बरगड्या मोडल्या. तो वरूनच म्हणाला, "वहिनी, बघून चालावं हो." खाली यायची त्याला घाई नव्हती.

३. आमच्या धर्मगुरूंना मी हे दार लावून सांगितलं. "बाबा, तुमच्या-माझ्यातच राहू द्या." ते म्हणाले, "देवाच्या कानात सांगितलंस असं समज." पुढच्याच आठवड्यात दीर जेवता जेवता म्हणाला, "बाबांनी समजावलं मला. माफी माग म्हणाले. मागतो. पण वहिनी, आता आणखी कुणाला सांगू नका. तुमच्या वयात सारखं पडणं बरं नव्हे." बाबांना समेट घडवायचा होता, हे मी जाणते. तरी माझ्या अंत्यसंस्कारात त्यांनी चार शब्द बोलू नयेत. बोलायचे ते बोलून झाले.

४. इस्पितळातल्या समुपदेशक बाईंना माझं शिलाई मशीन द्यावं. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "ताई, इथलं इथेच राहील. पण जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही." मी पिशवी उचलली. "म्हणजे तुम्हीही सांगणारच!"

"सांगेन. पण कोणाला आणि किती, ते आधी तुम्हाला विचारून. आणि ज्याची भीती आहे, त्याला तर मुळीच नाही."

मी परत बसले आणि सगळं सांगितलं. पोलिसांना त्यांनी माझ्यासमोर फोन केला, जिन्यापुरतंच सांगितलं. जबाब झाला. साक्षीदार नसल्याने दीर मोकळाच आहे. भाचीने मला आपल्या घरी नेलं. परवा तो तिच्या खिडकीसमोर उभा राहून हात हलवत होता, पाहुण्याला निरोप देतात तसा. आम्ही तिथूनही हललो.

५. यजमानांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांची औषधं दीर देत असे. त्याबद्दल माझ्या मनात जे आहे, ते फक्त बाईंना ठाऊक आहे. माझ्या परवानगीशिवाय त्या ते उघड करणार नाहीत. ती परवानगी मी आज देते. मी पडून, बुडून, झोपेत, कशीही गेले, तरी शवविच्छेदन व्हावं, आणि बाईंनी कोणी विचारायची वाट न पाहता पोलिसांना सगळं सांगावं. एक शब्दही माझ्यासाठी झाकून ठेवू नये.

याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. वाचून, समजून सही केली.

सही: फ्रेमवाली काकू
साक्षीदार: १. तपासणारे डॉक्टर २. वकिलांच्या कचेरीतल्या टंकलेखिका
दिनांक: आजचा, डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच
ठिकाण: दोन्ही साक्षीदारांना माहीत आहे. इथे लिहीत नाही.