अक्काच्या उरलेल्या गोळ्या

इंदिरानगर, ९ जुलै २०२४

ती. अक्कास,
सावित्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुझ्या पणतूच्या बारशाला दोघींना एकच खोकला-ताप जडला, गोळीही तीच निघाली. पण तुला तुझा मंजुनाथ दिवसातून तीनदा देतो, आणि मला माझी सून शिल्पाश्री दोनदा, तीही अर्धी मोडून! विचारलं तर म्हणते, अत्ते, तुमच्या किडन्या अशक्त आहेत, डॉक्टरांनीच कमी दिलंय. किडनी अर्धी म्हणून ताप का अर्धा येतो? लहानपणी आप्पांच्या खांद्यावर तू, आणि मी मागून चालत. आता मुलगाही तुझाच गुणाचा. गोळ्या उरल्या असतील तर पाठव. सुनेला कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो तरी अर्धा करू नकोस.
तुझी सावित्री

आनेकल, १२ जुलै

चि. सावित्रीस, अ. उ. आ.

हावरटे, औषधाचाही मत्सर! मला स्वल्प बरं वाटलं तशा मी गोळ्या सोडल्या. उरलेल्या नाचणीच्या पिठात दडवून मंजुनाथबरोबर पाठवते. घे आणि एकदाची बरी हो.

भांडत राहा, पण लिहीत जा.
अक्का

इंदिरानगर, १८ जुलै

ती. मावशींस,
शिल्पाश्रीचा सा. न. वि. वि.

अत्ते दवाखान्यात आहेत. घाबरू नका, आज माणसं ओळखू लागल्या. रविवारपासून भलतंच बोलत होत्या. भिंतीवरून मुंग्या उतरताहेत म्हणाल्या, मग हातपाय झटके देऊ लागले. उशीखाली तुमच्या गोळ्या सापडल्या. माझ्या अर्ध्या गोळीवर त्या तुमच्याही घेत होत्या. डॉक्टर म्हणाले, अशक्त किडनीला हे औषध बाहेर टाकता येत नाही. ते अंगात साठतं आणि डोक्यात चढतं, म्हाताऱ्या माणसांत तर लवकरच. मी हात आखडते असं त्यांना वाटत होतं, हे त्यांनीच आज सांगितलं. मी रागावले नाही, पण रडू आवरलं नाही. मावशी, उरलेलं औषध पुन्हा कुणाला देऊ नका.

आपला आशीर्वाद असू द्यावा.
शिल्पाश्री

आनेकल, २५ जुलै

चि. सावित्रीस, अ. उ. आ.

तू घरी आलीस, देव पावला. माझ्या हातून काय झालं असतं, या विचाराने घास उतरत नव्हता. मंजुनाथला विचारलं, माझी किडनी कुणाला दाखवली होतीस का? तो म्हणाला, मेडिकलवाल्या अण्णाने दिल्या त्या आणल्या, दाखवायचं कशाला? काल मीच त्याला ओढत नेऊन माझं रक्त तपासायला दिलं.

जन्मभर तू माझ्यावर जळलीस. आता माझी पाळी. तुझी सून परक्या घरातून आली, तरी डॉक्टरांना विचारून तुझी गोळी मोजूनमापून देते. माझ्या पोटच्या पोराने एक प्रश्नही विचारला नाही.

शिल्पाश्रीला माझा आशीर्वाद सांग. मागून मिळत असती, तर तिला मागून घेतली असती.
अक्का