मॉरिसला जीपचा एक्सल

कळमनुरी, जि. हिंगोली
मंगळवार, ता. २५ मार्च २००३

चिरंजीव भीमराज यास जळबादादाचा जय भीम. ज्योतीला जय भीम. आकांक्षाला मी अजून पाहिलं न्हाई, तरी तिच्या मोठ्या बाबाचा तिला गोड पापा.

इकडं आमी बरे हाओत. मायचे गुडघे धरले, बाकी तब्येत ठीक. ऊन आताच कडक लागलं. तू गेलास तवा आपला जिल्हा परभणी व्हता, आता हिंगोली झाला. पत्ता लिहिताना अजून हात चुकतो बघ. तुझा भोसरीचा पत्ता मामाच्या प्रमोदकडून घेतला, त्याच्यावर रागवू नको. फोन नंबर बी देत व्हता तो. पण फोनवर माझ्यानं बोलणं व्हायचं न्हाई.

सात वर्षांत पहिलं पत्र. अक्षर पाहून फाडू नको बाबा, कामाचं लिहून राहिलो.

काल जयंती समितीचे लोक गॅरेजवर आले व्हते. ह्या चौदा एप्रिलला आपली मॉरिस पुन्हा काढायची म्हणतात. अमृतराव देशमुखांची ती गाडी आपल्या बापानं जन्मभर धुतली, पण आत कधी बसला न्हाई. तिच्यातच बाबासाहेबांची तसबीर बसवायची म्हणून आपण दोघांनी ती भंगारातून उचलली. छत कापलं. माणसाच्या चालीनं चालवलं की जुनं इंजिन उकळायचं, म्हणून जीपचं डिझेल टाकलं. छप्पन सालचा पत्रा हाय, पण काय पत्रा हाय! अजून खणखणतो. इंजिन बी पहिल्या सेल्फला उठलं. फक्त मागचा एक्सल पाहिजे.

तिचा मूळचा तर डिझेलच्या जोरापुढं टिकलाच नव्हता, दात झडले व्हते त्याचे. आता दोन मिळून राहिले. एक हिंगोलीच्या भंगारात, अम्बेसेडरचा. रुंदीला जवळजवळ बराबर बसतो. पण त्याचे गिअर वेगात पळायचे, हळू चालीचे न्हाईत. सहा तास गर्दीत मुंगीच्या चालीनं नेली तर क्लचचा धूर निघंल. दुसरा जीपचा. चाल हळू, जोर दांडगा, मिरवणुकीला असाच पाहिजे. पण दोन्ही अंगाला दोन-दोन इंच जास्त. चाक मडगार्डच्या बाहेर येतं.

सकाळपासून तीनदा माप घेतलं. हे लिहिता लिहिता उठून चौथ्यांदा घेऊन आलो. लोखंड काय घडीघडीला वाढतं का कमी व्हतं? तरी घेऊन राहिलो. चहा आणला तो तसाच थंड झाला.

जीपचा कापून बारीक करता येतो. मागं केला तसा.

हे वाक्य खोडणार व्हतो. राहू दे.

भीमराज, तू तवा मला काय म्हणला व्हतास ते तुला आठवतं का न्हाई, मला शब्दन् शब्द आठवतं. "दादा, बाहेरची नळी काप, तिला वेल्डिंगनं झाळून घे, चालंल. पण आतला दांडा कापून जोडू नको. चाक त्याच्यावर फिरतं. दांडा नांदेडच्या लेथवर नवाच बनव. न्हाई तर सरळ पत्रा ठोकून मडगार्ड रुंद कर, एक्सलला हातच लावू नको."

मडगार्ड रुंद करायला मी नको म्हणलो. काहून म्हणलो ते तुला खरं कधी सांगितलं न्हाई. गाडीचं रूप बिघडलं असतं रे. मला ती हुबेहूब तशीच पाहिजे व्हती, देशमुखांच्या दारात उभी राहायची तशी. अमृतरावानं ओट्यावरून पाहावं अन् ओळखावं, एवढीच हाव व्हती मला.

अन् नांदेडला मी गेलोच न्हाई. लेथवाल्याकडं कामाची रांग, जयंतीला दिवस राहिले दोन. मनात म्हणलं, ह्या तालुक्यात माझ्यासारखी झाळ कोण मारतो? दांडा मीच कापला, मीच जोडला, घासून गुळगुळीत केला, वरून काळा रंग दिला. तुला म्हणलो, नांदेडहून आणला. तू त्याच्यावरून बोट फिरवलंस अन् म्हणलास, "भारी काम केलं लेथवाल्यानं." मी हसलो.

त्या वर्षीच्या मिरवणुकीत अमृतराव खरंच ओट्यावर उभे राहिले. गाडी ओळखली त्यांनी. मी पाहिलं ते. छाती फुगली माझी. त्याच्या पुढं नाक्याचा चढ लागला. दांडा तुटला, चाक बाहेर निसटलं, ब्रेकची नळी ओढली गेली अन् तेल सगळं रस्त्यावर. गाडी मागं घरंगळली. गाडीत बसलेल्या ज्योतीनं तसबीर छातीशी धरली व्हती. तू स्टेअरिंग धरून ओरडून राहिलास, "दगड लावा, दगड लावा!" मी दगड लावला, पण तवर मिरवणुकीत मागं चालणाऱ्या नानीबाईचा पाय चाकाखाली गेला व्हता.

गर्दीतून कोणीतरी म्हणलं, पिऊन चालवून राहिला. तू, ज्यानं आयुष्यात थेंब चाखला न्हाई! सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मिस्त्री मी. मी म्हणलो, "क्लच झटक्यानं सोडला त्यानं." अन् लोक नानीबाईला उचलत व्हते तवा मी दांड्याचे दोन तुकडे बारदानात गुंडाळले.

मायनं तुला दारातून हाकललं, बाबासाहेबांची गाडी पिऊन चालवली म्हणून. मी घरातच व्हतो. पायातली चप्पल बी काढली नव्हती. तू एकदा माझ्याकडं पाहिलंस अन् ज्योतीला घेऊन गेलास. एका शब्दानं विचारलं न्हाईस मला. तुला तवाच कळलं व्हतं का रे? सात वर्षं हेच डोक्यात फिरून राहिलं. कळलं असंल अन् तू माझ्यासाठी गप राहिलास, तर मी कुठं तोंड लपवू?

एक्सल जीपचाच घेतो. अखंड, बिनकापलेला. मडगार्ड दोन-दोन इंच वाढवतो, बेढब दिसलं तर दिसू दे.

आज सकाळी मायला सगळं सांगितलं. दोन्ही तुकडे तिच्यापुढं ठेवले. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की सगळ्यांपुढं सांगणार हाय. त्याच्या आधी नानीबाईच्या घरी जाणार. ती काठीनं मारील, मारू दे. लोक गॅरेजवर यायचे बंद व्हतील, होऊ दे. पिणारा म्हणून तुझ्या नावाला जो डाग लागला तो मी लावला, मीच पुसणार. तू ये असं म्हणायचा मला हक्क न्हाई, म्हणून म्हणत न्हाई.

माय आत्ता गॅरेजवर आली. गुडघे दुखत असताना चालत आली. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, पण दिली न्हाई. म्हणली, "माझं बी लिही त्याला." तिचे शब्द जशेच्या तशे लिहितो:

"भीमराजा, तू दारात माझ्यापासून हातभर अंतरावर उभा व्हतास. तोंडाचा वास घेतला असता तर मला कळलं असतं. मी घेतला न्हाई. लोकाचं ऐकलं."

एवढं बोलली अन् खाली जमिनीवर बसली. अजून बसून हाय. पत्र टपालात टाकल्याशिवाय उठत न्हाई म्हणती. म्हणून थांबतो.

ज्यानं दांडा जोडला अन् नाव तुझं सांगितलं,
तो
जळबा