तिघींचा पिन

ता. ४ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनच्या दुकानात नोकरी करून बहिणीला पत्रं लिहितोस म्हणून तुझा मालक हसतो म्हणालास. हसू दे. आमच्याकडे फोन आहे तो बचत गटाचा, आणि त्यावर घरच्या गप्पा मारायच्या नाहीत हा ठराव मीच मांडला होता.

पूर्वी गटाचे पैसे पेटीत असत. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे. आता पैसे बँकेत आणि व्यवहार फोनवर. पण सवय जाते होय? सहा आकड्यांचा पिन आम्ही वाटून घेतला. पहिले दोन आकडे माझे, मधले इस्त्रीवाल्या काकूंचे, शेवटचे माझ्या धाकट्या जावेचे. एक दाबते तेव्हा बाकीच्या दोघी भिंतीकडे तोंड करतात.

घोडं पेंड खातंय ते इथेच. विजेवरच्या शिलाई मशीनसाठी गटाने मला कर्ज मंजूर केलं. दुकानदार वीस तारखेपर्यंतच थांबणार. शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय, ते पायाच्या मशीनवर वेळेत निघायचं नाही, आणि एकदा गेलं की गेलं. पण मागच्या सभेत मी जावेला सगळ्यांदेखत म्हटलं, की तिच्या हातात पैसा म्हणजे चाळणीत पाणी. गंमत केली होती रे. तिने अबोला धरलाय, सभेलाही येत नाही. काय करू ते कळव.

तुझी,
ताई

ता. ९ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो की समोरचं गिऱ्हाईक दचकलं. सिम तुझ्याच नावावर आहे ना? मग ‘पिन विसरलात?’ असं येतं तिथे दाब, मेसेज येईल, नवा पिन टाक. दोन मिनिटांचं काम. तुझ्या जिभेला हाड नाही हे मी लहानपणापासून सोसतोय, पण त्यापायी मशीन घालवू नकोस.

माया आहेच, पिन बदललास की कळव.

तुझा,
धाकटा

ता. १६ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

मशीन आलं. दिवसभर घरघर चालू असते, तुझे भावजी कानात कापूस घालून जेवतात.

तुझी युक्ती काही नवी नाही, शहाण्या. बँकेच्या मुलीने ती पहिल्याच दिवशी आम्हा तिघींना सांगितली होती. पण कर्ज माझं, सिम माझं, आणि पिनही मीच बदलायचा? मग गट कशाला म्हणायचं? दोन दिवस मनाशी भांडले, मग काकूंना घेऊन जावेच्या दारी गेले आणि चुकलं म्हणाले. हा शब्द माझ्या तोंडून किती जड निघतो ते तुला ठाऊक आहे.

मी माझे आकडे टाकले, काकूंनी त्यांचे टाकले आणि फोन तिच्या हातात दिला. तिने तिचे जुनेच आकडे दाबले आणि ते चालले. तिचे डोळे भरून आलेले पाहून मलाही राहवेना. मग हळूच म्हणाली, तिला वाटलं होतं मी पिन केव्हाच बदलला असेल, म्हणूनच ती सभेला येत नव्हती.

लोभ असू दे, शिकवणी आवरती घे.

तुझी,
ताई