बकऱ्याचं काळीज आणि माझी परीक्षा

पौड, ता. मुळशी
गुरुवार, दि. २१ जून १९७९

तीर्थरूप अलाउद्दीनभाईंना,

धाकटी बहीण जोहरा हिचा पौडहून सलाम. भाभींनाही सलाम, आणि मुलांच्या डोक्यावरून माझा हात फिरवा. तुम्हा सगळ्यांची तब्येत चांगली असावी, पुण्याचं पाणी मानवत असावं. इकडे खुदाच्या मेहेरबानीनं सगळे बरे आहेत. मी तर इतकी ठणठणीत आहे की ठणठणीत माणसाच्या आत नेमकं काय काय चालू असतं तेही आता सांगू शकते. त्याचीच हकिकत लिहायला बसले आहे. पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

सरकारनं गावोगाव एकेक आरोग्यरक्षक नेमायचं काढलंय हे तुम्ही ऐकलं असेल. फेब्रुवारीत त्यासाठी इथे सभा भरली. नाव कुणाचं द्यावं हे कुणालाच सुचेना. मी सभेला गेले नव्हते, मी सरपंच हैबतरावांच्या माजघरात त्यांच्या मंडळींना बांगड्या भरत होते (हिरव्या, बारीक, दीड डझन, त्यांचा हात मोठा अवघड आहे). बाहेर ओसरीवरच्या सभेतून हैबतरावांचा आवाज आला, "आरं, मणियाराची जोहराबी समद्या घरांत जाती, सातवी पास हाय, तिलाच घाला की!" झालं. हातात बांगडी, आणि मी आरोग्यरक्षक. सुलतानाच्या अब्बांना (म्हणजे तुमच्या मेव्हण्यांना, नाव घ्यायला लावू नका) हे मुळीच पटलं नाही. ते म्हणाले, "बायका तुझ्यापुढं हात करत्यात ते बांगड्यांसाठी. पोटं कशाला दाखवतील?" मी म्हटलं, बघू तरी. मला खरं तर सेवाबिवा करायची नव्हती, भाई. माणसाच्या आत काय असतं ते एकदा बघायचं होतं. चुलीवरचं भांडं शिजत असलं की मला झाकण उचलल्याशिवाय राहवत नाही, तसंच.

वर्ग शाळेच्या एका रिकाम्या खोलीत भरायचा, तीन महिने. आम्ही तेराजण. शिकवायला शेटे डॉक्टर, वय जेमतेम सव्वीस, बायकांकडे बघून बोलायची चोरी, त्यामुळे सगळं शरीरशास्त्र ते खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाला शिकवत. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर एक तक्ता टांगला. त्यावर अख्खा पुरुष, आणि अंगावर कपडा तर नाहीच, कातडंसुद्धा नाही! आम्ही बायकांनी पटापट पदर तोंडावर ओढले (आणि पदराआडून नीट बघून घेतलं). उरवड्याच्या रंभाबाई मात्र उठून तक्त्यापाशी गेल्या. या रंभाबाई साठी ओलांडलेल्या सुईण, अर्ध्या उरवड्याची नाळ त्यांनी कापलेली, पण अक्षराशी ओळख नाही. त्यांनी त्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कळवळून विचारलं, "आवं डाक्टर, ह्याचं कातडं कुनी वं काढलं?" डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. रक्त चेहऱ्याकडे कसं धावतं याचा पहिला धडा आम्हाला तिथेच मिळाला.

दुसऱ्या दिवशी हाताचा धडा होता. डॉक्टर म्हणाले, एका हातात सत्तावीस हाडं असतात आणि त्यांतली आठ नुसत्या मनगटात, खड्यांसारखी एकमेकांत बसलेली. भाई, माझ्या अंगावर काटा आला. वीस वर्षं मी बायकांचे हात दाबतेय. अंगठ्याखालचा उंचवटा आत घ्यायचा, चार बोटं जवळ आणायची, मग हात आपोआप लहान होतो आणि बांगडी सरकते. पण तो लहान होतो कशानं, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. मी शेजारच्या कोंडाजींचा हात धरला आणि डोळे मिटून खडे मोजायला लागले. (कोंडाजी हे माणचे पैलवान, चांगले सहा फुटी. परपुरुषाचा हात धरलाय हे सातव्या खड्यापाशी लक्षात आलं, पण आठवा राहिला होता.) आठ भरले! डॉक्टर म्हणाले, कॉलेजात आम्हाला हे बोटांना कळायला वर्ष गेलं होतं. त्या दिवशी मी घरी चालत आले की तरंगत, मला आठवत नाही.

त्यानंतर घरात कुणाला सुख राहिलं नाही. रॉकेल ओतायचं नरसाळं धुऊन मी सगळ्यांच्या छातीला लावून बघितलं. ठोके ऐकू येतात, भाई, खरंच येतात! म्हशीचेसुद्धा. आतडी बावीस फूट असतात असं कळल्यावर खरं वाटेना, म्हणून परकराच्या नाड्या एकाला एक बांधून मी अंगणात मोजून ताणल्या. सुलतानाचे अब्बा दुकान बंद करून आले ते त्यांत पाय अडकून पडता पडता वाचले.

"हे दोर कसले बांधलेत?"

"तुमची आतडी आहेत," मी म्हटलं.

त्या दिवशी ते अर्ध्या भाकरीवर उठले. पण मनुष्य आतून चांगला आहे (हे मी आता शास्त्रानं सांगू शकते). मला घोकायची सवय सुटलेली, म्हणून जेवणानंतर वही हातात धरून तेच माझी उजळणी घ्यायला लागले. वर म्हणायचे, "मला यात काडीचा रस नाही," आणि मी प्लीहा उजवीकडे सांगितली की खेकसायचे, "डावीकडं! कितीदा सांगायचं?"

धंद्याचं मात्र वेगळंच झालं. बांगड्या भरताना हात हातात येतोच, मग नाडी मोजून घ्यायला काय हरकत, असं मला वाटलं. आमच्या शेजारच्या तुळजाबाई जत्रेसाठी बांगड्या भरायला आल्या होत्या. मी मनगट धरून घड्याळाकडे बघत गप्प बसले. त्यांनी विचारलं, काय झालं? मी बोट वर केलं, म्हणजे थांबा, मोजतेय. त्यांनी त्या बोटाचा अर्थ वर जायची वेळ झाली असा घेतला आणि नाडी माझ्या बोटाखालीच बेफाम सुटली. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "एकशे अठरा आहेत." त्या बांगड्या तशाच टाकून घरी गेल्या आणि पोरींना माहेरी बोलावून घेतलं. आठ दिवस दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. मग तुळजाबाई जिवंतच आहेत असं बघून एकेक बाई यायला लागली, पण बांगड्यांसाठी नाही. दार लोटून घ्यायच्या आणि हळूच सांगायच्या, इथं दुखतंय, तिथं गाठ आलीय, चार महिने झाले कुणाला बोलले नाही. तुमच्या मेव्हण्यांचं म्हणणं चुकलं, भाई. पोटं दाखवली त्यांनी. तिघींना तर मी स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेले. एकीची गाठ वेळेवर निघाली.

आता काळजाची गोष्ट. एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले, हृदय तक्त्यावर कळणार नाही, जोहराबाई, तुम्ही बकऱ्याचं काळीज मिळवाल का? मी खाटकाला काळीज सांगितलं. त्यानं काळीज दिलं, म्हणजे कलेजी. वर्गात डॉक्टर म्हणाले, हे यकृत आहे. मी म्हटलं, हे काळीज आहे, सगळा तालुका यालाच काळीज म्हणतो. ते म्हणाले, काळीज म्हणजे हृदय, धडधडतं ते. डॉक्टर जन्माचे शाकाहारी, त्यांना खाटकाची भाषा कुठून ठाऊक असणार? मग दुसऱ्या दिवशी मी दिल आणि फुप्फुसं, श्वासनलिकेसकट, पातेल्यात घालून नेली. पातेलं जड झालं म्हणून सुलतानाला बरोबर घेतलं. दहावीची परीक्षा संपून ती घरीच होती.

डॉक्टरांनी हृदयाला सुरी लावली आणि मागे धप्प आवाज झाला. कोंडाजी पैलवान आडवे झाले होते. त्यांच्या तोंडावर पाणी मारण्यात सगळे गुंतले असताना सुलताना मात्र पातेल्यापाशीच बसून होती. तिनं हृदयातून निघणाऱ्या जाड नळीत तांब्यानं पाणी ओतलं. पाणी आत जाईना, तसंच तुंबून राहिलं. तिनं आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "डॉक्टर, आत तीन पडदे हायेत. रक्त भायेर जाऊ देत्यात, माघारी येऊ देत न्हाईत. व्हय ना?" डॉक्टरांनी पहिल्यांदा लिंबाचं झाड सोडून माणसाकडे बघितलं. ही झडप ते उद्या शिकवणार होते.

तेवढ्यात रंभाबाईंनी पपईच्या देठाची पोकळ नळी आणली, ती श्वासनलिकेत बसवली आणि गाल फुगवून फुंकर मारली. भाई, ती मरून पडलेली फुप्फुसं फुगायला लागली! काळपट लाल होती ती फिकी गुलाबी होत होत पातेल्याच्या काठावर आली. सगळे पातेल्याभोवती वाकले. शुद्धीवर आलेले कोंडाजीसुद्धा टक लावून बघत होते. रंभाबाई नळी काढून हळूच म्हणाल्या, "न रडलेल्या पोराच्या तोंडात मी अशीच हवा घालती. आत काय हुतं ते आज दिसलं." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. घरी जाताना डॉक्टर मला म्हणाले, या मुलीला नर्सिंगला पाठवा, वाया घालवू नका. (हे आपलं जाता जाता सांगितलं.)

आणि मग गेल्या सोमवारची परीक्षा. जिल्ह्याहून एक मोठे साहेब आले होते, सारखे घड्याळ बघणारे. लेखी माझं उत्तम झालं, सत्तावीसच्या सत्तावीस हाडं लिहिली (रंभाबाईंना तेच प्रश्न तोंडी विचारले). तोंडी परीक्षेला साहेबांनी तक्त्याकडे छडी दाखवून सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "गर्भाशय दाखवा." कोंडाजींनी देवाचं नाव घेऊन जठर दाखवलं. मग माझी पाळी. मी ऐटीत छडी घेतली, बेंबीच्या खाली टेकवली आणि घडाघडा म्हटलं, "इथे, साहेब, मूत्राशयाच्या मागे, आकारानं पेरूएवढं." साहेब म्हणाले, "शाब्बास," आणि पूर्ण मार्क मांडले. मी डॉक्टरांकडे बघितलं, तर ते कपाळाला हात लावून लिंबाच्या झाडाकडे बघत होते.

शेवटी रंभाबाई. त्यांनी छडी घेतली, तक्त्यापाशी गेल्या आणि तशीच खाली ठेवली.

"न्हाई, साहेब."

"काय नाही? येत नाही?"

"मला येतंय. ह्येला न्हाई," रंभाबाई म्हणाल्या. "गडी हाय ह्यो."

बायकांचा तक्ता जिल्ह्याहून शेवटपर्यंत आलाच नव्हता, भाई. फळ्यावर काढलेल्या चित्रावरून शिकलो, आणि साहेबांच्या धाकानं आम्ही बाराजणांनी त्या बिनकातड्याच्या पुरुषाला एकामागून एक गर्भाशय बसवून दिलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, तक्त्याकडे बघितलं. मग एकदम खुर्चीवर मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःचाच कान पकडला. माझे मार्क खोडले. रंभाबाई पहिल्या आल्या, अंगठा उठवून. मी दुसरी. मला वाईट वाटलं असं नाही. जरा वाटलं. पण घरी येऊन सांगितलं तेव्हा सुलतानाचे अब्बा इतके हसले की त्यांच्या बरगड्या मोजून घेता आल्या.

तर अशी हकिकत. बाकी सर्व क्षेम. सगळ्यांना दुआ.

तुमची बहीण,
जोहरा

ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. पत्र सुलतानानंच आणलंय, आणि तुमचं वाचून होईपर्यंत ट्रंक खाली ठेवू नकोस असं मी तिला बजावलंय, तेव्हा आधी तिला आत घ्या. नर्सिंगच्या अर्जाची मुदत परवा शनिवारी संपते आणि त्यावर पुण्यात राहणाऱ्या पालकाची सही लागते. रविवारी भूगावहून तिला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा वाईट नाही, थांबणारा असेल तर थांबेल. पण माझ्या हातात काय आहे ते मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं, भाई. हिला सतराव्या वर्षी कळलंय. सही करा.

ता. क. दुसरा. सुलतानाच्या अब्बांना यातलं अजून काही ठाऊक नाही. पोरगी आजारी मामीच्या मदतीला गेलीय असं सांगितलंय, त्यामुळे भाभींनी कृपा करून आजपासून आजारी पडावं. ते सोमवारी समाचाराला येतील. तोवर अर्ज गेलेला असेल, मग तुम्हीच त्यांना नीट समजावून सांगा, तुमचं ऐकतात. आजार मी ठरवून दिलाय, पित्ताशयात खडे. तळलेलं खाल्लं की कळ येते असं भाभींनी म्हणायचं आणि हात उजव्या बरगडीखाली धरायचा. डावीकडे चुकूनही नको. माझी उजळणी तीन महिने त्यांनीच घेतलीय, उभ्या उभ्या पकडतील.