लाल ठिपक्याच्या हक्काबाबत

ईश्वराला स्मरून, चष्मा स्वच्छ पुसून, कोणाच्या दडपणाने नव्हे तर स्वतःच्या मनाने मी हे लिहून ठेवीत आहे. माझे वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक. सरकारी कागदांवर माझा धंदा 'घरकाम' असा लिहितात. तोच इथेही लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा म्हणतो, "आई, रागाच्या भरात काही लिहू नकोस." राग येऊन गेला. मागे जे उरले त्याला राग म्हणत नाहीत.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. गरज वाटली नव्हती. एकुलता एक मुलगा, सगळे त्याचेच, असे धरून चालले होते.

कलम पहिले. राहते घर माझ्या नावावर आहे. वर दोन खोल्या व स्वयंपाकघर, खाली वर्कशॉप. आमचे हे म्हणत, "धंदा बुडाला तर निदान घर तुझं राहील," म्हणून त्यांनी ते माझ्या नावावर घेतले. वरचे घर मुलगा व सून या दोघांचे समान राहील आणि एकाच्या सहीने ते विकता येणार नाही. मुलाला मी रस्त्यावर काढत नाही. छप्पर देणे हे आईचे काम, ते मी करते आहे. यात माफी आहे असे त्याने समजू नये.

कलम दुसरे. माझ्या चार बांगड्या सुनेला. स्वयंपाकघरातली भांडी तिलाच. मोठ्या पातेल्याचा कान हलतो, तो आधी ठोकून घ्यावा. ड्रिल मशीन माझ्या धाकट्या दिरांकडे आहे. "उद्या आणून देतो वहिनी" म्हणून त्यांनी नेले होते, त्यानंतर त्यांना नातवंडे झाली. ते त्यांना बक्षीस दिले असे मानावे. मागायचा मला कंटाळा आला आहे.

कलम तिसरे. हे वर्कशॉपबद्दल आहे आणि लांबेल. वाचणाऱ्याने दम धरावा.

आम्ही एकच वस्तू बनवतो. भिंतीतला प्लग आणि घरातले यंत्र यांच्यामध्ये बसणारा बॉक्स. विजेचा दाब फार चढला किंवा फार पडला की आतला रिले 'टक' करतो आणि पुढची वीज तोडतो. दाब ठिकाणावर आला की थोडे थांबून पुन्हा जोडतो. आमचे हे म्हणत, "वेळेला बंद पडत नाही तो बॉक्स नव्हे, नुसता डबा." किती दाबाला तोडायचे ते आतल्या एका लहानशा स्क्रूवर ठरते. सर्किट त्यांचे, पण तो स्क्रू लावणे पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. त्यांचा हात थरथरे आणि माझा शिवणकामाला बसलेला. आंघोळ, जप आटोपून मी खाली यायची. दाब हळूहळू वाढवायचे गोल यंत्र असते, त्याला आम्ही डिमर म्हणतो. डिमर फिरवत दोनशे साठ व्होल्टवर आणायचा, तिथे टक आला पाहिजे. अलीकडे नाही, पलीकडे नाही. आला, की स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा.

मी जन्मात नखांना रंग लावला नाही. पण गल्लीच्या टोकाच्या कटलरीवाल्याकडून माझ्याइतक्या बाटल्या कोणी नेल्या नसतील. "काय काकू, आज कोणाचं लग्न?" तो विचारी. "बावीस बॉक्सचं," मी म्हणे. सगळ्यात स्वस्त लाल. ठिपक्याला झगमगाट काय करायचा?

लोक दुकानात बॉक्स उघडून आत ठिपका आहे का पाहत. मला ठिपकेवाल्या काकू म्हणत. मला ते आवडे. देवापुढे कबूल करायचे तर जरा जास्तच आवडे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत खांबावरची न्यूट्रलची तार तुटली आणि भर दुपारी घराघरांत दाब वाढत गेला. शिलाईवालीचे मशीन जळाले, दोन फ्रिज गेले. आणि मास्तरांचे प्राणवायूचे यंत्र गेले. मास्तरांनी माझ्या मुलाला गणित शिकवले होते. दवाखान्यात नेले, आठवडाभराने ते वारले. डॉक्टर म्हणाले, वय झाले होते. मी डॉक्टरांशी काय बोलणार? पण वय त्या एका दुपारी झाले नव्हते.

या सगळ्या घरांत आमचे बॉक्स होते.

मी मुलाला विचारले. तो म्हणाला, "अगं, दाबच एवढा होता की बॉक्सच आधी जळाले. त्यापुढे कोणाचं काय चालणार?" मी विश्वास ठेवला. एवढेच नाही, तर मास्तरीणबाईंच्या घरी जाऊन, त्यांचा हात हातात घेऊन, हेच वाक्य मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर नाही हो माझा संशय." ते खोटे त्याने माझ्या तोंडून वदवले. बाकी सगळे पोटात घालता येईल, हे येत नाही.

मग कटलरीवाला बोलून गेला, "काकू, हल्ली लाल बाटल्या दुपटीनं खपतात! परवा सूनबाईंनी नेल्या, आज परत तुम्ही. धंदा जोरात दिसतोय."

घरी येऊन सुनेला विचारले. ती म्हणाली, "आई, तुम्हालाच लागतात असं हे म्हणाले. मी आणून यांच्या हातात देत होते." आणि बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. ती हुशार आहे.

मास्तरांचा बॉक्स परत आलेल्या मालात पडला होता. आम्ही दोघींनी तो उघडला. कुठे काही जळालेले नव्हते. स्क्रूवर ठिपका होता, नको इतका जाड. नखाने खरवडला, तर खाली माझा जुना ठिपका, मधोमध तडकलेला. स्क्रू शेवटपर्यंत पिळलेला. बॉक्स डिमरवर लावला. सून आकडे वाचत होती, मी कान देऊन बसले होते. दोनशे साठ गेले. दोनशे सत्तर गेले. "आई, डिमर संपला," ती म्हणाली. टक आलाच नाही.

मुलगा जेवत होता. त्याचे जेवण होईपर्यंत मी थांबले. मग बॉक्स पुढ्यात ठेवला. तो जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

"इथली वीज कशी आहे माहितेय ना तुला? दिवसातून पाच वेळा बॉक्स बंद पडायचा. लोक परत आणून आपटायचे माझ्या टेबलावर. बंद पडणारी वस्तू कोणाला हवी असते, आई?"

"मग तसं सांगून विकायचं होतंस. माझ्या ठिपक्यावर ठिपका कशाला दिलास?"

"तुझ्या ठिपक्याशिवाय कोण घेतो आपला माल?"

यात त्याला काही चुकीचे वाटत नव्हते. उलट कौतुक केल्यासारखाच म्हणाला.

तेव्हा वर्कशॉप, डिमर, मीटर, ह्यांची सोल्डरची गन, बॉक्सवरचे आमचे नाव आणि लाल ठिपका देण्याचा हक्क मी सुनेला देते. हात बसेपर्यंत ती माझ्याजवळ बसते आहे. तिचा पहिला ठिपका ओघळला होता, आता ओघळत नाही. मुलाला वर्कशॉपमध्ये पगारावर ठेवायचे की नाही, हे तिने ठरवावे. ठेवलाच तर स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हाती देऊ नये.

कलम चौथे. बँकेतली माझी सगळी शिल्लक विकलेले बॉक्स परत आणून नीट लावण्यासाठी व ज्यांची यंत्रे जळाली त्यांना ती घेऊन देण्यासाठी खर्चावी. काटकसरीने जमवले आहे, या कामात काटकसर करू नये. काम मी सुरू केले आहे, पहिले मास्तरीणबाईंच्या घरापासून; जितकी घरे माझ्या हयातीत होतील तितकी होतील, उरलेली सुनेने करावीत. प्रत्येक घरी मुलाने बरोबर जावे आणि बॉक्स का उघडतो आहोत ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. आजवर तो एकाही घरी आलेला नाही. खाली रिक्षापर्यंत येतो आणि म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे."

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम सुनेकडे.

आणखी एक कलम होते, ते वकीलसाहेबांसमोर खोडले आहे. त्यात मास्तरीणबाईंना काही रक्कम लिहिली होती. साक्षीला कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा त्या स्वतः म्हणाल्या, "मी करते सही." वकील म्हणाले, "बाई, यात तुम्हाला पैसे आहेत. ज्याला मिळायचं, त्याची साक्ष नको." बाईंनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. म्हणाल्या, "मग ते पैसे खोडा. सगळी गल्ली म्हणते म्हातारा वयानं गेला. एका तरी कागदावर लिहिलेलं असू दे काय झालं ते, आणि त्याखाली माझं नाव असू दे."

मी म्हटले, "अहो, यंत्राचे तरी घ्या." तर म्हणाल्या, "यंत्र आता कोणाला लावू?"

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

ठिकाण: राहत्या घराची खालची खोली
दिनांक: ७ फेब्रुवारी, शनिवार

लिहून ठेवणार: (सही) ठिपकेवाल्या काकू

साक्षीदार:
१. (सही) गल्लीच्या टोकाचा कटलरीवाला. काकूंनी माझ्यासमोर सही केली.
२. (सही) मास्तरांची बायको. काकूंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मला वाचून दाखवला. माझ्या घरी असेच झाले.